साताऱ्यातला सर्व्हर, पुण्यातली डिझायनर: घरचा फाइल सर्व्हर बाहेरून वापरण्याचं एक प्रकरण

साताऱ्यात राहत्या घरातूनच काम करणारे एक लग्नाचे फोटोग्राफर. दोन कॅमेरे, व्हिडिओ करणारा एक मुलगा, एक मदतनीस आणि मधल्या खोलीत कपाटावर ठेवलेला दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली फाइलपेटी. गेल्या कित्येक हंगामांचा सगळा डेटा त्यातच. अल्बमची डिझायनर पुण्यात, स्वतःच्या घरून काम करणारी. निवडलेले फोटो ती थेट नॅसवरून उचलायची आणि तयार पानं तिथंच परत टाकायची. इंटरनेटवाल्याने जुनी लाइन काढून फायबर दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुण्याहून काहीच उघडेना. मला फोन आला तो एवढ्याच मागणीचा: "सर, नवी लाइन आल्यापासनं ताईंना फायली दिसंनात बघा. ते पोर्ट का काय असतंय, तेवढं परत उघडून द्या की."

चातुर्मास सुरू होता, मुहूर्त नव्हते, त्यामुळे घाईने काहीतरी जोडून देण्याची गरज नव्हती. म्हणून मी आधी विचारलं, की पूर्वी हे नेमकं कसं चालू होतं? कुणालाच नीट सांगता येईना. नॅस विकणाऱ्याच्या माणसाने बसवताना "सगळं करून" दिलं होतं.

जुना राउटर अजून घरातच होता आणि त्यातल्या सेटिंग्ज तशाच होत्या. तो सुरू केल्यावर उलगडा झाला. नॅसचं व्यवस्थापनाचं वेबपान ८०८० या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं आकड्याचं दार) आणि एफटीपी, म्हणजे फायली ने-आण करायची जुनी पद्धत, २१ वरून थेट इंटरनेटला उघडं होतं. राउटरचं यूपीएनपी चालू होतं, म्हणजे आतल्या उपकरणाने मागितलं की राउटर कुणालाही न विचारता पोर्ट उघडून देतो; तसे आणखी काही पोर्ट नॅसने स्वतःच उघडून घेतले होते. आणि पुण्याच्या ताई ज्या नावाने आत यायच्या ते नाव होतं 'अॅडमिन'. एफटीपीत नाव आणि पासवर्ड काहीही न झाकता वायरीवरून जातात. म्हणजे साऱ्या नॅसची मालकी रोज सातारा ते पुणे उघड्यावर ये-जा करत होती.

नॅसच्या लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची रांगच्या रांग होती. अॅडमिन, रूट, टेस्ट, बॅकअप, गेस्ट अशी नावं, वेगवेगळ्या देशांतले पत्ते, आणि वेळ बहुतेक मध्यरात्रीनंतरची. लॉगमध्ये जेवढं मागचं शिल्लक होतं तेवढ्यात कुणी आत शिरल्याची खूण दिसली नाही. लाइन बदलल्यामुळे हा दरवाजा आपोआप बंद झाला होता आणि फोटोग्राफरसाहेबांना तो परत उघडून हवा होता. मी नाही म्हटलं, आणि का नाही ते त्यांना आणि वहिनींना बसून सांगितलं. स्टुडिओचे हिशेब, ऑर्डरी आणि पैसे वहिनी बघतात, त्यामुळे त्यांना पटणं जास्त गरजेचं होतं.

"आपल्याला कोण ओळखतंय?"

त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि तो अगदी रास्त आहे. साताऱ्यातल्या फोटोग्राफरच्या नॅसमध्ये परदेशातल्या चोराला काय रस असणार?

चोर नाव बघून येत नाही, पत्ते मोजत येतो. आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देण्याची जुनी पद्धत, तिचे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचं साधन तयार केलं. चांगली जोडणी असेल तर एका साध्या सर्व्हरवरून, एका पोर्टसाठी, हे सगळे पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे उघडं पोर्ट सापडायला कुणी तुम्हाला शोधावं लागत नाही. २१ ऐवजी २१२१ वापरू, ८०८० ऐवजी भलताच आकडा देऊ, हा उपाय मला बरेच जण सुचवतात. त्याने लॉगमधला कचरा थोडा कमी होतो, एवढाच त्याचा उपयोग.

आणि आत शिरायला पासवर्डच लागतो असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप या कंपनीच्या नॅसवर क्यूलॉकर नावाचा हल्ला झाला. बॅकअपच्या एका अॅपमध्ये पक्के लिहून ठेवलेले लॉगिन होते, त्यातून हल्लेखोर आत गेले आणि त्यांनी लोकांच्या फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप पेट्यांमध्ये कोंबल्या. सोडवण्याची किंमत ०.०१ बिटकॉइन. जानेवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या नॅसवर डेडबोल्ट आला, या वेळी मागणी ०.०३ बिटकॉइनची. तेव्हा नॅस इंटरनेटला उघडा ठेवू नका, राउटरवरचं पोर्ट वळवणं आणि यूपीएनपी बंद करा, असं खुद्द कंपनीनेच ग्राहकांना बजावलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये नॅस बनवणाऱ्या सिनॉलॉजीनेही आपल्या ग्राहकांना पासवर्ड चाचपडणाऱ्या यंत्रजाळ्याबद्दल, म्हणजे व्हायरसने ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेबद्दल, इशारा दिला.

पण वहिनी ज्या गोष्टीने थबकल्या ती वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हची. या पेटीसाठी कंपनीने २०१५ नंतर दुरुस्त्या देणं थांबवलं होतं, तरी लोक ती वापरत होते. जून २०२१ मध्ये एका रात्रीत जगभरातल्या अनेक पेट्या आपोआप रिकाम्या झाल्या. सगळं पुसून मूळ स्थितीत आणण्याच्या आज्ञेआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्राममध्ये होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता तरी काही फरक पडला नसता, कारण तो विचारलाच जात नव्हता. आपल्या नॅसलाही कंपनीकडून आता दुरुस्त्या येत नाहीत, हे मी त्यांना तेव्हाच दाखवलं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचत होतं ते वेगळंच. त्या डिस्कांवर शेकडो घरांची लग्नं आहेत. हळदीचे, बायकांच्या खोलीतले, लहान मुलांचे फोटो. त्या घरांनी एका माणसाच्या भरवशावर ते काढू दिले. ते पुसले जाणं वाईट, पण ते अनोळखी हातात जाणं त्याहून वाईट, आणि त्याला बॅकअप हा उपाय नाही.

नवी लाइन आणि न मिळणारा पत्ता

आता पोर्ट उघडायचं म्हटलं तरी ते उघडता आलं नसतं. नव्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला जो पत्ता दिसत होता तो १०० ने सुरू होणारा होता, आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवला गेला, की इंटरनेट कंपनीने आपल्या अनेक ग्राहकांना एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवावं. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले, त्यामुळे नव्या जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळणं दुर्मीळ होत चाललं आहे. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते. घरच्या राउटरवर काहीही लिहा, तिथपर्यंत ती पोचत नाही. स्थिर पत्ता मासिक भाड्याने मिळत होता. आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, या जोडणीवर नव्हती.

स्थिर पत्ता घेऊन पुन्हा तोच दरवाजा उघडायचा, हा मार्ग मी यादीतूनच काढला. सगळा डेटा भाड्याच्या क्लाउडवर टाकणं हा दुसरा. तो वाईट नाही, पण कित्येक टेराबाइट रॉ फायलींचं (कॅमेऱ्यातून निघणाऱ्या मूळ, मोठ्या फायलींचं) दरमहा भाडं वहिनींनी हिशेब करून नाकारलं, आणि ते बरोबरच होतं.

राहिला खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन: इंटरनेटवरूनच, पण कूटबद्ध होऊन, फक्त आपल्याच यंत्रांना जोडणारी वाट. इथे एक गैरसमज लगेच दूर करावा लागतो. जाहिरातीत दिसणाऱ्या, देश बदलून सिनेमे दाखवणाऱ्या व्हीपीएन सेवेचा इथे काही संबंध नाही. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचं बंधन आहे, "आपण व्हीपीएन लावला तर कायद्यात अडकू का?" असं साहेबांनी विचारलं ते त्या बातम्यांमुळे. आपलीच यंत्रं आपसांत जोडणं ही लोकांना विकलेली सेवा नव्हे.

बोगद्यासाठी वायरगार्ड हेच तंत्र हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते लिहिलं आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, ५.६ आवृत्तीत ते दाखल झालं. मूळ कर्नलमधला त्याचा प्रोग्राम सुमारे चार हजार ओळींचा, म्हणजे एका माणसाने वाचून काढावा इतका छोटा. त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. पासवर्ड चुकला असंही म्हणत नाही. चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

पण सीजीनॅटमागच्या घरात वायरगार्ड पोचवायचं कसं? मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन घर आणि पुणे दोघांनाही तिथे भेटवायचं, असा माझा पहिला आराखडा होता. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम चालतो. दोन गोष्टींमुळे मी तो बाजूला ठेवला. या रचनेत मधला सर्व्हर प्रत्येक पाकीट उघडून पुन्हा बंद करतो, म्हणजे तो सर्व्हर ज्याच्या हाती गेला त्याला आतलं दिसू शकतं. फाइल शेअरिंगला वेगळं कूटलेखन (एन्क्रिप्शन) लावून यावर मात करता येते, पण ते विसरून चालत नाही. दुसरं कारण जास्त वजनाचं. तो सर्व्हर इंटरनेटला उघडा असणार, त्याला दर महिन्याला दुरुस्त्या लागणार, आणि त्या घरात ते करणारं कुणी नाही. मी कायम असेन हे गृहीत धरून कुणाच्या घरात यंत्रणा बसवू नये.

म्हणून टेलस्केल या कंपनीची सेवा. आतलं तंत्र वायरगार्डचंच, पण यंत्रांची एकमेकांशी ओळख करून द्यायचं काम त्यांची सेवा करते. प्रत्येक यंत्राची गुप्त किल्ली त्या यंत्रावरच राहते, सेवेकडे फक्त सार्वजनिक किल्ली जाते. दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे बहुतेक वेळा सीजीनॅटमधूनही थेट रस्ता जुळतो. नाही जुळला तर डेटा कूटबद्धच राहून मधल्या टप्प्यावरून जातो आणि वेग पडतो. घरच्या राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही. यात ओळख करून देणाऱ्या कंपनीवर भरवसा ठेवावा लागतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. टेलस्केल यंत्रांना जे पत्ते देतं तेही त्याच १०० च्या पट्ट्यातले असतात, त्यामुळे राउटरचा पत्ता आणि बोगद्यातला पत्ता यांची गल्लत होऊ नये म्हणून दोन्ही कागदावर वेगवेगळे लिहून ठेवले.

बसवताना

दुरुस्त्या न मिळणाऱ्या नॅसवर नवं काही चढवायचं नाही, हे ठरलेलं होतं. शेजारी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, ठेवला. बोगदा त्या पायपर्यंत येतो आणि तो पुढे फक्त नॅसची वाट दाखवतो. राउटरवर नियम लावून नॅसचं इंटरनेटला जाणंच बंद केलं. त्याला घड्याळाची वेळ पाय देतो, कारण वेळ चुकली की स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींच्या त्या-त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या स्थितीची, तारीख चुकते. नॅस, पाय आणि राउटर तिन्ही एकाच यूपीएसवर घेतले. पाऊस सुरू झाला की वीज दिवसातून दहादा डोळे मिचकावते आणि अशा झटक्यात पायचं मेमरी कार्ड खराब होतं. नॅसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते, तीही चालू केली. साहेब वाईला लग्नात आणि घरी बटण दाबायला कुणी नाही, असं व्हायला नको.

पहिल्या जोडणीत पुण्याहून नॅस सापडेना. कारण अगदी नेहमीचं: साताऱ्याच्या घरात १९२.१६८.१ चे पत्ते आणि पुण्याच्या घरातही तेच. ताईंचा लॅपटॉप १९२.१६८.१.१० म्हणजे आपल्याच घरातलं काहीतरी समजून तिथंच शोधत बसायचा. साताऱ्याचं नेटवर्क बदलून १९२.१६८.७७ केलं. प्रिंटर, टीव्ही, कॅमेऱ्याचा ट्रान्सफर सगळं पुन्हा जोडण्यात बराच वेळ गेला, पण हे कधीतरी करावंच लागतं आणि सुरुवातीलाच केलेलं बरं.

टेलस्केलला स्वतःचा पासवर्ड नसतो, गूगलसारख्या खात्यानेच आत जायचं. इथे मी थांबलो, कारण स्टुडिओच्या जीमेलचा पासवर्ड मदतनिसापासून व्हिडिओवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होता. ज्या खात्याने घराचा बोगदा चालतो ते खातं चौघांचं असून कसं चालेल? साहेबांच्या नावाने वेगळं खातं काढलं, त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावली आणि फोन हरवला तर लागणारे आणीबाणीचे कोड छापून वहिनींच्या कपाटात ठेवले. ताईंना त्यांच्या स्वतःच्या खात्याने बोलावलं.

नवं जाळं सुरू केलं की टेलस्केलमध्ये सगळी यंत्रं एकमेकांना पूर्णपणे दिसतात. बरेच जण इथेच थांबतात. मी नियम लिहिला: ताईंच्या लॅपटॉपवरून फक्त नॅसचा पत्ता आणि त्यावर फक्त ४४५ हे फाइल शेअरिंगचं पोर्ट. वेबपान त्यांना दिसतच नाही, साहेबांनाही ते फक्त घरून दिसतं. प्रत्येक यंत्रावरची किल्ली ठरावीक मुदतीनंतर, मूळ सेटिंगप्रमाणे १८० दिवसांनी, कालबाह्य होते. लॅपटॉपसाठी ही मुदत चांगली. कपाटावरच्या पायसाठी ती बंद केली, नाहीतर ऐन हंगामात घर गायब झालं असतं.

आणखी एक गोष्ट प्रत्यक्ष वापरातच कळली. पायमधून येणारा प्रत्येक माणूस नॅसला पायच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. नॅसमध्ये चुकीचे पासवर्ड टाकणारा पत्ता अडवण्याची सोय चालू होती. मदतनिसाने घाईत पासवर्ड चुकवला आणि नॅसने पायलाच अडवलं. पुण्याचं काम बंद, साहेबांचं कराडमधलं काम बंद. पायचा पत्ता त्या अडवणुकीतून वगळला आणि प्रत्येकाला आपापलं नाव दिलं, म्हणजे कोण चुकलं ते नावावरून कळतं.

नॅसवर एसएमबीची, म्हणजे विंडोजमधल्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती अजून चालू होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसने ज्या वाटेने जगभर धुमाकूळ घातला ती हीच. ती बंद केली, किमान तिसरी आवृत्ती आणि कूटलेखन सक्तीचं केलं. एफटीपी कायमचं बंद.

किती दिसावं, किती मिळावं

सुरक्षेचा निम्मा प्रश्न कामाच्या पद्धतीत सुटला. एका मोठ्या लग्नात चार हजार क्लिक आणि रॉ फाइल सरासरी तीस एमबी धरली तर १२० जीबी होतात. शंभर एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने धावली तरी ते पुण्याला जायला दोन तास चाळीस मिनिटं, आणि पूर्ण वेगाने ती क्वचितच धावते. त्यात ताई रॉचा अख्खा फोल्डर उघडायच्या. विंडोज प्रत्येक फाइलचं छोटं चित्र बनवायला बसायचं आणि सगळं गोठायचं. अल्बमला लागतात निवडलेल्या तीनशे जेपेग, दहा एमबीच्या धरल्या तर तीन जीबी, हिशेबाने चार मिनिटांचं काम.

म्हणून 'अल्बम' नावाचा वेगळा फोल्डर केला. निवडलेले फोटो साहेब त्यात टाकतात, ताईंना लिहिण्याचा हक्क फक्त तिथे आणि बाकीचा नॅस त्यांना दिसतही नाही. सुरुवातीला ताईंना हे थोडं लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्यावर आहे, तुमच्या लॅपटॉपवर नाही, आणि माझ्या लॅपटॉपवरही नाही. त्यांच्या यंत्रावर खंडणीचा व्हायरस आला तर तो बोगद्यातून रीतसर ओळख दाखवून साताऱ्यात येईल. वायरगार्ड त्याला अडवणार नाही, कारण त्याच्या लेखी तो ताईंचाच लॅपटॉप आहे. तेव्हा तो फार तर 'अल्बम' फोल्डर बिघडवेल.

आणि तोही परत मिळावा म्हणून नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट लावले, जे शेअरमधून कुणालाच पुसता येत नाहीत. दोन डिस्क आरशासारख्या लावल्यात म्हणजे बॅकअप आहे, असं साहेब समजत होते. एक डिस्क मेली तर त्याचा उपयोग होतो. फाइल पुसली तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा आता सगळीकडे सांगितला जाणारा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला हे ऐकून साहेबांना विशेष वाटलं. एक मोठी डिस्क आता वहिनींच्या माहेरी कोरेगावला असते. महिन्यातून एकदा ती येते, भरते, काढली जाते आणि परत जाते. बाकी वेळ ती कशालाही जोडलेली नसते.

तपासणी बाहेरूनच केली. मोबाइल डेटावरून घराचे सगळे पोर्ट चाचपले, काहीही उघडं नव्हतं. नव्या राउटरचा मूळ पासवर्ड बदलला, यूपीएनपी बंद आहे ना ते पुन्हा पाहिलं. मग साहेबांचा फोन हरवला असं धरून चाललो: वहिनींनी लॅपटॉपवरून खातं उघडलं, यादीतून तो फोन काढला आणि त्या फोनवरचा नॅस बंद झाला. हे त्यांनी स्वतःच्या हाताने केलं, माझ्याशिवाय. पुण्याची जोडणी थेट आहे की मधल्या टप्प्यावरून, ते कसं पाहायचं तेही त्यांनी लिहून घेतलं. संध्याकाळी कधीकधी ती थेट जुळत नाही आणि वेग पडतो, तेव्हा ताई सकाळी फायली ओढून घेतात.

ग्राहकांना फोटो निवडायला द्यायचे तेव्हा काय, हा प्रश्न लगेच आला. नवरीच्या आत्याला काही टेलस्केल लावायला सांगता येत नाही. त्यासाठी वॉटरमार्क असलेल्या छोट्या प्रती भाड्याच्या गॅलरीवर, पासवर्ड आणि मुदत घालून चढवायच्या असं ठरलं. घरच्या नॅसचा त्या वाटेशी काही संबंध ठेवला नाही.

नॅस मात्र बदलायला हवा. इंटरनेटपासून तोडल्यामुळे तो आज निभावतोय, पण त्याच्या डिस्कही जुन्या होत चालल्या आहेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामाची आगाऊ रक्कम आली की आधी डिस्क आणि मग पेटी, असा क्रम वहिनींनी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवला आहे.